लिनक्स संगणकातील पॅकेजांचे खंडित अवलंबित्व : स्वरूप, कारणे व निराकरण

प्रस्तावना :
महाविद्यालयांतील संगणक प्रयोगशाळांत लिनक्स संचालन प्रणालीचा वापर अनेक विषयांच्या अध्यापनासाठी केला जातो. एखादी नवी आज्ञावली बसविताना मात्र ‘अनमेट डिपेन्डन्सीज’ असा संदेश पडद्यावर येतो आणि काम थांबते. हा संदेश म्हणजे बिघाड, असे मानून एक तर बळजबरीने पुढे जाण्याची किंवा संपूर्ण प्रणाली नव्याने बसविण्याची प्रवृत्ती दिसून येते. वस्तुतः हा संदेश म्हणजे बिघाड टाळण्यासाठी प्रणालीने दिलेला सकारण नकार असतो. प्रस्तुत लेखात डेबियन व तिच्यापासून निर्माण झालेल्या उबुंटूसारख्या वितरणांच्या संदर्भात या नकाराचा अर्थ स्पष्ट केला आहे. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही डेबियनवरच आधारित असल्याने हे विवेचन तिलाही लागू पडते.

अवलंबित्वाची संकल्पना :
लिनक्समधील बहुतेक आज्ञावल्या स्वयंपूर्ण नसतात. अनेकांना लागणारी समान कार्ये सामायिक लायब्ररींमध्ये एकदाच ठेवलेली असतात. प्रत्येक पॅकेजासोबत त्याला कोणती पॅकेजे, किमान कोणत्या आवृत्तीची हवीत आणि कोणत्या पॅकेजांशी त्याचा विरोध आहे, याची नोंद असते. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पात ‘डीपीकेजी’ हे साधन पॅकेज बसविण्याचे काम करते. ते अटी तपासते. परंतु उणीव असलेले पॅकेज स्वतः आणत नाही. ते कार्य ‘ॲप्ट’ करते. १९९९ मधील डेबियन २.१ या आवृत्तीपासून ॲप्ट तिचा भाग झाले. ते भांडारांतील याद्या वाचून सर्व अटी एकाच वेळी पूर्ण करणारा संच शोधते. असा संच न सापडल्यास ते थांबते.

उदाहरणार्थ, उबुंटू २२.०४ साठी तयार केलेल्या पॅकेजास ‘लिबसी ६’ ही मूलभूत लायब्ररी किमान २.३४ आवृत्तीची लागत असेल, तर ते उबुंटू २०.०४ वर बसणार नाही; कारण तेथे ती २.३१ आवृत्तीची आहे. ही लायब्ररी बळजबरीने बदलल्यास तिच्यावर विसंबलेल्या जवळजवळ सर्वच आज्ञावल्या धोक्यात येतात. म्हणून येथे नकार हाच हितकारक ठरतो.

प्रमुख कारणे :
१) वीज खंडित झाल्याने किंवा अन्य कारणाने पॅकेज बसविण्याची प्रक्रिया अर्धवट राहणे.
२) भिन्न आवृत्त्यांची किंवा बाहेरची भांडारे एकत्र मिसळणे.
३) संकेतस्थळावरून सुटे पॅकेज उतरवून ते थेट डीपीकेजीने बसविणे.
४) एखादे पॅकेज विशिष्ट आवृत्तीवर रोखून ठेवलेले असणे.
५) आवृत्तीची मुदत संपल्याने तिचे भांडार मूळ ठिकाणाहून हलविले जाणे.

निराकरणाचा क्रम :
पुढील आज्ञा येथे देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन लहान अक्षरांत टंकित कराव्यात. त्यांपैकी प्रणालीत बदल करणाऱ्या आज्ञांसाठी प्रशासकाचे अधिकार लागतात.

प्रथम संदेश पूर्ण वाचावा आणि कोणत्या पॅकेजास कशाची, कोणत्या आवृत्तीची गरज आहे, हे लिहून घ्यावे. त्यानंतर ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ या आज्ञेने अर्धवट राहिलेली पॅकेजे पूर्ण करावीत. पहिल्या कारणाचे निराकरण पुष्कळदा एवढ्यानेच होते. पुढे ‘ॲप्ट-गेट अपडेट’ने भांडारांच्या याद्या ताज्या कराव्यात. भांडार सापडत नसल्याचा संदेश याच वेळी आल्यास पाचव्या कारणाचा विचार करावा. मग ‘ॲप्ट-गेट -एफ इन्स्टॉल’ ही दुरुस्तीची आज्ञा द्यावी. मात्र त्यापूर्वी तीच आज्ञा ‘-एस’ हा पर्याय जोडून चालवावी. त्यायोगे प्रत्यक्ष बदल न होता केवळ नियोजित बदलांची यादी दिसते. तरीही अडचण कायम राहिल्यास ‘ॲप्ट-कॅश पॉलिसी’ या आज्ञेपुढे पॅकेजाचे नाव लिहून कोणती आवृत्ती कोणत्या भांडारातून येत आहे, हे तपासावे. ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ने रोखलेली पॅकेजे कळतात. विसंगत भांडार आढळल्यास ते यादीतून वगळावे आणि तेथून आलेल्या पॅकेजांच्या जागी मूळ वितरणातील आवृत्त्या आणाव्यात.

इशाऱ्याकडे दुर्लक्ष : एक उदाहरण
नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ध्वनिचित्रफितीत कॅनडातील तंत्रज्ञानविषयक निर्माते लायनस सेबास्टियन यांनी ‘पॉप ओएस’ या वितरणावर ‘स्टीम’ ही आज्ञावली बसविण्याचा प्रयत्न केला. पॅकेजांतील विसंगतीमुळे ॲप्टने डेस्कटॉपची आवश्यक पॅकेजेच काढून टाकण्याची योजना मांडली. सोबत धोक्याचा इशारा दिला आणि संमतीचे पूर्ण वाक्य टंकित करण्यास सांगितले. ते वाक्य टंकित होताच डेस्कटॉप नाहीसा झाला. दोष मुळात पॅकेजांत होता. परंतु हानी संमतीमुळे झाली. पुढे ॲप्टमध्येच बदल करून अशी आवश्यक पॅकेजे केवळ संमतीचे वाक्य लिहून काढता येणार नाहीत, अशी व्यवस्था करण्यात आली.

निष्कर्ष :
खंडित अवलंबित्व ही प्रामुख्याने विसंगत अटींची समस्या आहे. तिचे निराकरण आज्ञा पाठ करण्याने नव्हे, तर कोणती अट का पूर्ण होत नाही, हे शोधण्याने होते. सक्तीचे पर्याय अट पूर्ण करीत नाहीत. ते केवळ तपासणी टाळतात. प्रयोगशाळेतील संगणकावर विद्यार्थ्यांचे काम साठविलेले असते. म्हणून दुरुस्तीपूर्वी त्याची प्रत काढून ठेवणे आणि काढून टाकावयाच्या पॅकेजांची यादी वाचल्याशिवाय संमती न देणे, हे दोन नियम प्रत्येक प्रयोगशाळेने पाळणे आवश्यक आहे. विद्यार्थ्यांनाही असा संदेश मिटविण्याआधी तो वाचण्यास शिकविले, तर ही अडचण कार्यकारणभाव शोधण्याचा एक उत्तम पाठ ठरू शकेल.