गुडघा दुखतोय? आधी सीटची उंची बघा

सायकलवाल्याचा गुडघा कुरकुरला की लोक नी-कॅप घ्यायला धावतात. माझं मत विचाराल तर आधी पाना काढा. वाटीच्या आसपास, पुढून दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली असते. मागे लवणीत दुखत असेल तर फार वर. बाहेरच्या बाजूला दुखतंय आणि क्लीटचे बूट वापरताय? क्लीटचा कोन तपासा.

भिंतीला धरून सीटवर बसा, पेडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग चवडा ठेवून चालवलं की गुडघ्यात साधारण 25 ते 35 अंशांचा बाक राहतो. एका वेळी 5 मिलिमीटरच बदला. जुन्या उंचीवर सीटपोस्टला चिकटपट्टी लावून ठेवा, नाहीतर परतीचा रस्ता सापडत नाही.

सूज असेल, गुडघा अडकत असेल, तर हे प्रयोग नकोत. सरळ हाडांचे डॉक्टर गाठा.

आणि हो, जड गिअर! सिंहगडाच्या चढावर दात-ओठ खात मोठा गिअर रेटण्यात कसली मर्दुमकी? हलका टाका. सपाटीवर पेडलचे मिनिटाला 80-90 फेरे ठेवा.