वासरांची पांढरी हगवण व पहिला चीक

गाय व्याली म्हणजे घरांत आनंद होतो आणि शेजारीं खरवसाची वाटी जाते. परंतु पुष्कळ गोठ्यांत त्याच आठवड्यांत वासरास पांढरट, पातळ हगवण लागते, तें उठेनासें होतें व दोन दिवसांत दगावतें. मग कोणी दृष्ट लागली म्हणतो, कोणी दूध बाधलें म्हणतो. वाटलेला खरवस व दगावलेलें वासरूं यांचा पुष्कळदां निकट संबंध असतो. तो कसा, हें दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

निरोगी जनावराच्या आंतड्यांतही असंख्य जंतु वस्ती करून असतात व त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. त्यांपैकीं एका जंतूचें वर्णन बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिख यांनीं १८८५ सालीं केलें. त्यांच्याच नांवावरून त्यास एशेरिकिया कोलाय म्हणतात. या जंतूच्या कांहीं जातींजवळ मात्र दोन हत्यारें असतात. पहिलें, अंगावरील अतिसूक्ष्म केस. यांच्या योगानें तो लहान आंतड्याच्या अस्तरास चिकटून बसतो व वाहत्या रसाबरोबर धुऊन जात नाहीं. दुसरें हत्यार म्हणजे विष. हें विष अस्तराच्या पेशी फोडीत नाहीं, तर त्यांस फसवितें. ज्या पेशींनीं पाणी व क्षार आंत ओढावयाचे, त्याच ते बाहेर ओतूं लागतात. वासरूं मरतें तें मुख्यतः अंगांतील पाणी व क्षार निघून गेल्यामुळें. डोळे खोल जातात, पाय गार पडतात, चिमटीनें उचललेली कातडी लवकर खालीं बसत नाहीं.

जंतूस चिकटावयास लागणारी जागा वासराच्या आंतड्यांत पहिले थोडे दिवसच असते. म्हणून ही हगवण बहुधा जन्मानंतर चार दिवसांच्या आंत लागते. त्यापुढील हगवणीस रोटा विषाणूसारखीं दुसरीं कारणें अधिक असतात.

आतां प्रश्न असा कीं, मोठी गाय हेच जंतु रोज चाऱ्याबरोबर गिळते, तरी तिला कांहीं होत नाहीं, हें कसें? तिच्या शरीरानें या जंतूंची ओळख करून घेतलेली असते. तिच्या रक्तांत व आंतड्यांत त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्यें तयार असतात. तीं जंतूच्या केसांवर जाऊन बसतात व त्यास चिकटूं देत नाहींत. वासरास अशीं द्रव्यें स्वतः पुरेशीं तयार करण्यास कांहीं आठवडे लागतात. मनुष्याच्या मुलास तीं आईच्या पोटांतच वारेतून मिळतात. गाय, म्हैस, शेळी व मेंढी यांच्या वारेतून तीं पलीकडे जात नाहींत. वासरूं जन्मतें तें रिकाम्या हातानें. त्याची शिदोरी गाईनें विण्यापूर्वींच्या आठवड्यांत कासेंत भरून ठेविलेली असते. ती शिदोरी म्हणजेच चीक.

अमेरिकेंत थिओबाल्ड स्मिथ व राल्फ लिट्ल यांनीं १९२२ सालीं याविषयींचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या वासरांस चीक दिला नाहीं त्यांतील बहुतेक मेलीं. ज्यांस दिला तीं जगलीं.

पण ही शिदोरी घेण्याचें दार फार वेळ उघडें राहत नाहीं. प्रतिद्रव्यें अखंड रक्तांत घेण्याची आंतड्याची शक्ति तासागणिक कमी होते व सुमारें २४ तासांत संपते. जार पडेपर्यंत वासरास पिऊं न देण्याची चाल म्हणूनच घातक आहे. वासरूं ढुसण्या देऊं लागलें म्हणजे गाईच्या शरीरांत पान्हा सोडणारें जें द्रव्य उत्पन्न होतें, तेंच गर्भाशयाचें आकुंचन करतें. मग जार पिण्यामुळें कसा अडकेल? वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक, म्हणजे २५ किलोच्या वासरास अडीच लिटर, पाजावा. निम्मा पहिल्या दोन तासांत व उरलेला बारा तासांच्या आंत. पुढेंही तीन दिवस चीकच द्यावा, कारण रक्तांत न गेलेलीं प्रतिद्रव्यें आंतड्यांत राहून पहारा करितात. नाळेस टिंक्चर आयोडीन लावावें. त्या वाटेनें जंतु रक्तांत शिरल्यास शरीराचा प्रतिकारच इतका अनावर होतो कीं, ताप, सांधेसूज व मूर्च्छा येऊन वासरूं जातें.

हगवण लागलीच तर दूध तोडूं नये. दोन दुधांच्या मधल्या वेळांत क्षार व ग्लुकोज घातलेलें कोमट पाणी दीड-दोन लिटर, दिवसांतून दोन-तीन वेळां पाजावें. विषानें पेशींची उलटी गति सुरू झाली, तरी ग्लुकोजाबरोबर मीठ व पाणी आंत घेण्याची वाट शाबूत राहते. घरची साखर मात्र उपयोगी नाहीं. ती फोडणारा पाचकरस वासराच्या आंतड्यांत जवळजवळ नसतो. वासरूं उभें राहीनासें किंवा चोखीनासें झालें तर शिरेंतून पाणी द्यावें लागतें. तेव्हां पशुवैद्यास बोलाविण्यास विलंब करूं नये. जंतुनाशक औषधें त्यांच्या सल्ल्यावांचून देऊं नयेत. अशा वापरानें जंतु त्यांस जुमानीनासे होतात.

खरवसास आमचा विरोध नाहीं. बऱ्याच गाईंचा चीक वासरास पुरून उरतो. वासरूं पोटभर पिऊन उरेल त्याचा खरवस खुशाल करावा. मात्र पहिली वाटी ज्याची त्यास मिळावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.