शेवट बदलला की गोष्टच बदलते : 'द ग्रेट सायलेन्स' आणि त्याचे भांडणारे चाहते

आज सिनेमाबद्दल बोलायचंय, पण एक सूचना आधीच देतो. आज मी एका सिनेमाचा शेवट सांगणार आहे. तो सांगितल्याशिवाय हा विषय पुढे सरकतच नाही. ज्यांना सिनेमा कोरा बघायचा असेल त्यांनी आधी बघून घ्या आणि मग इकडे या. भाग संग्रहात राहणारच आहे.

सिनेमाचं नाव 'द ग्रेट सायलेन्स'. मूळ इटालियन नाव 'इल ग्रांदे सिलेंझिओ', वर्ष 1968, दिग्दर्शक सेर्जिओ कोर्बूची. स्पॅगेटी वेस्टर्न म्हटलं की आपल्याला क्लिंट ईस्टवूड, सिगार, पोंचो आणि सेर्जिओ लिओने आठवतो. साठच्या दशकात इटलीतल्या लोकांनी अमेरिकन काउबॉयच्या गोष्टींवर शेकड्यांनी सिनेमे काढले, म्हणून गमतीने हे नाव पडलं. कोर्बूची हा त्यातला दुसरा सेर्जिओ. त्याचा 1966 चा 'जँगो' बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतो. 'द ग्रेट सायलेन्स' मात्र अनेक वर्षं मोजक्या चाहत्यांपुरताच राहिला. अमेरिकेत तर तो चित्रपटगृहांत रीतसर लागला थेट 2018 साली, म्हणजे पन्नास वर्षांनी.

आधी गोष्ट थोडक्यात. 1898 सालचा हिवाळा, युटामधलं स्नो हिल नावाचं गाव. इथे वाळवंट नाही, धूळ नाही. सगळीकडे कमरेइतका बर्फ. चित्रीकरण झालं इटलीतल्या डोलोमाइट डोंगरांत, कोर्तिना द'आम्पेत्झोच्या परिसरात. गावाबाहेर डोंगरात काही लोक लपलेत. कागदोपत्री ते गुन्हेगार, प्रत्यक्षात भुकेने चोरी करणारी माणसं. सरकार त्यांना माफी देईल अशी आशा आहे. पण तोपर्यंत प्रत्येकाच्या डोक्यावर इनाम आहे आणि ते मिळवायला निघालेली टोळी आहे. टोळीचा म्होरक्या लोको, म्हणजे क्लाउस किन्स्की. या माणसांना वेचून मारायचं, प्रेतं बर्फात पुरून ठेवायची, सवडीने गावात नेऊन पैसे घ्यायचे, हा त्याचा धंदा. आणि तो पूर्ण कायदेशीर.

लोकोने पॉलीन नावाच्या एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या नवऱ्याला मारलंय. ही भूमिका व्होनेटा मॅगीची. सूड घेण्यासाठी ती एका मुक्या बंदूकबाजाला बोलावते. त्याचं नाव सायलेन्स, नट झाँ-लुई त्रँतिन्याँ. लहानपणी त्याच्या आईवडिलांना इनामखोरांनी मारलं आणि पोराने साक्ष देऊ नये म्हणून त्याचा गळा चिरला. तोही कायदा सांभाळूनच मारतो. समोरच्याला चिडवतो, आधी त्याला पिस्तूल काढायला लावतो आणि मग गोळी घालतो. म्हणजे स्वसंरक्षण.

आता शेवट. सायलेन्सचा एक हात आधीच भाजून निकामी झालाय. लोकोने गावात अन्नासाठी उतरलेल्या माणसांना पकडून बांधून ठेवलंय. सायलेन्स त्यांच्यासाठी एकटा समोर येतो. लपलेला एक साथीदार त्याच्या दुसऱ्या हातावर गोळी झाडतो, आणि मग लोको त्याला मारतो. पॉलीन पिस्तूल उचलते, तीही मरते. नंतर बांधलेली सगळी माणसं मारली जातात. लोको सायलेन्सचं पिस्तूल उचलतो आणि शांतपणे निघून जातो. इनामाचे पैसे तेवढे नंतर येऊन घ्यायचे बाकी. संपला सिनेमा.

चाहत्यांचं भांडण इथे सुरू होतं.

एक गट म्हणतो, वेस्टर्न सिनेमात याहून प्रामाणिक शेवट नाही. दुसरा गट म्हणतो, सिनेमा चांगला आहे पण पुन्हा बघवत नाही. दीड तास नायकाशी नातं जोडायचं आणि हातात हे? तिसऱ्या गटाचं गाऱ्हाणं बांधणीबद्दल आहे. कॅमेरा उगाच झूम होतो, कधी चित्र अस्पष्ट होतं, प्रामाणिक शेरीफ मधूनच गोष्टीतून नाहीसा होतो. हे दोष खरे आहेत, मीही मान्य करतो. पण किन्स्कीबद्दल सहसा मतभेद नसतात. त्याचा लोको ओरडत नाही, दात-ओठ खात नाही. गोड बोलतो, मान लववतो, हिशेब लिहून ठेवतो. आणि एन्निओ मोरिकोनेच्या संगीताबद्दलही एकमत आहे. त्याच्या नेहमीच्या शिट्ट्या आणि चाबकाचे फटकारे इथे नाहीत. बर्फ पडत राहावा तशी एक संथ, उदास धून आहे.

आता गंमत बघा. या सिनेमाला दुसरा शेवटही आहे! काही बाजारपेठांसाठी निर्मात्यांना आनंदी शेवट हवा होता, म्हणून कोर्बूचीने तोही चित्रित केला. त्यात बर्फाळ तळ्यात बुडालेला शेरीफ जिवंत असतो. ऐन वेळी घोड्यावरून दौडत येतो आणि लोकोला गोळी घालतो. सायलेन्सच्या हातावर लोखंडी पंजा निघतो, पॉलीन वाचते, बांधलेली माणसं सुटतात. डिस्कवर जोड म्हणून हा शेवट बघायला मिळतो. काही चाहत्यांना वाटतं, कोर्बूचीने तो मुद्दामच इतका भोंगळ केला की कुणी वापरूच नये.

तुम्हाला यावरून काही आठवलं का? 'शोले'! ठाकूरच्या कुटुंबाची हत्या बघताना लिओनेचा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' आठवतो, हे आपण सगळे सांगतोच. पण शेवटांचं साम्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 'शोले'च्या मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या जोड्यांनी गब्बरला ठार मारतो. 1975 साल, आणीबाणी नुकतीच लागलेली. माजी पोलीस अधिकाऱ्यानेच कायदा हातात घेतलेला सेन्सॉरला चालला नाही. मग ऐन वेळी पोलीस येतात, ठाकूरला थांबवतात, गब्बरला धरून नेतात. आपण सगळे हाच शेवट बघत मोठे झालो. मूळ शेवटाचा 'शोले' दुरुस्त होऊन मोठ्या पडद्यावर आला तो जून 2025 मध्ये, आणि तोही इटलीत, बोलोन्याच्या महोत्सवात.

दोन देश, दोन सिनेमे, आणि बदललेल्या दोन्ही शेवटांत पाहुणा एकच : वेळेवर पोचणारा सरकारी माणूस.

'शोले'त त्याने फार बिघडत नाही. गब्बर कायद्याच्या बाहेरचा आहे, त्याला कायद्याने पकडलं तर गोष्ट टिकते. 'द ग्रेट सायलेन्स'मध्ये मात्र ती कोसळते. कारण लोको कायद्याच्या आतला आहे. गावातला सावकार पॉलिकट हाच न्यायाधीशही आहे. इनामाचा कागद खरा, सही खरी, पैसे सरकारी. ज्या कायद्याने मारलं, तोच घोड्यावर बसून वाचवायला आला, तर आधीच्या दीड तासाला काय अर्थ उरला? मला विचाराल तर क्रूर शेवट हाच खरा शेवट, तो याच कारणासाठी. धक्का द्यायचा म्हणून तो ठेवलेला नाही. आधीच्या हिशेबाची ती बेरीज आहे.

मी हा सिनेमा माझ्या सोळा वर्षांच्या मुलाबरोबर बघितला. संपल्यावर तो चिडून म्हणाला, "बाबा, हे चीटिंग आहे. त्याने तर सगळे नियम पाळले होते." मी म्हटलं, "कोणी? सायलेन्सने की लोकोने?" तो गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "दोघांनी."

मग मी त्याला दुसरा शेवट दाखवला. तो हसला आणि म्हणाला, "हा बघून बरं वाटलं, पण पटला नाही."

मंडळी, मला त्या रात्री झोप लागली नाही. मी आयटी सल्लागार आहे. माझं निम्मं आयुष्य प्रक्रिया पाळली की नाही, सही झाली की नाही हे बघण्यात जातं. ज्यावर सगळ्यांच्या सह्या आहेत आणि तरी जे चुकीचं आहे, असे निर्णय मी बैठकीत बसून पाहिलेत. दर वेळी तोंड उघडलं असंही नाही. आणि आपण बाहेरदेशी राहणारी माणसं तर कागदांवरच जगतो. व्हिसा, परवाने, मुदती. मुलांना आपण घोकून शिकवतो : नियम मोड नकोस. ते बरोबरच आहे, मी ते मागे घेत नाही. पण "कायदेशीर आहे" आणि "योग्य आहे" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, हे आपण त्यांना कधी शिकवतो? माझ्या घरी ते एका मुक्या नायकाने शिकवलं.

तेव्हा हा सिनेमा जरूर बघा. लहान मुलांबरोबर नको. हिंसा बरीच आहे, आणि पॉलीनवर जबरदस्तीचा एक प्रसंगही आहे. पंधरा-सोळाच्या पुढची मुलं असतील तर सोबत बसा. आधी मूळ शेवट बघा, मग दुसरा. दोन्ही झाले की टीव्ही बंद करा आणि एकच प्रश्न विचारा : यातला कुठला शेवट तुला खरा वाटला, आणि का? उत्तर काहीही येवो, मधे बोलू नका. ऐकून घ्या.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.