कुत्रा रडतो तेव्हा

मंडळी, कुत्रा रडला की आपण अपशकुन म्हणतो आणि दगड भिरकावतो. पण तो का रडतो, हे कधी पाहिलंय का?

शिरूर-दौंडकडच्या वस्त्यांवर सकाळी माणसं पांगतात. कुणी उसात, कुणी रांजणगावच्या कारखान्यांत, तर कुणी दौंडहून रेल्वेनं पुण्याला. माणसांची सवय लागलेला कुत्रा मागे एकटा राहतो. थोड्याच वेळात तो विव्हळू लागतो, दार ओरबाडतो, चपला कुरतडतो. ही खोडी नव्हे, भीती आहे. संध्याकाळी मारलंत, तर सकाळच्या चुकीशी त्या माराचा मेळ त्याला लागत नाही. भीती मात्र वाढते.

मग उपाय काय? आधी त्याला फिरवून आणा. भाकरीचा तुकडा टाका आणि क्षणभरच दाराआड जा. तो शांत आहे तोवर परत या. मग एक मिनिट, पाच मिनिटं, अशी वेळ वाढवा. घाबरला, तर वेळ पुन्हा कमी करा. जाता-येता फार लाड नकोत. सवय होईतो शेजारच्या आजोबांपाशी सोडा.

आणखी एक. आपला मुलूख बिबट्याचा. रात्री अंगणात साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. त्याला बंद पडवीत घ्या. वागणं एकाएकी बदललं, लाळ गळू लागली, तर मात्र जवळ जाऊ नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

गुरुजी, मुलांना एवढं सांगाच: रडणाऱ्या कुत्र्याला दगड नको, सोबत हवी.