तंबाखूची तलफ

बांधावर दोघे भेटले की रामराम होतो आणि चंची सुटते. एक जण तंबाखू काढतो. दुसरा चुन्याची डबी पुढे करतो. तळहातावर मळलेली चिमूट दोघांत वाटली जाते. अनोळखी माणसाजवळ भाकरी मागायला आपण लाजू, पण तंबाखू मागायला कोणी लाजत नाही. म्हणून तंबाखूला कोणी नशा म्हणत नाही. नशा म्हणजे दारू, गांजा, अफू, असे लोक धरून चालतात. आम्हाला विचाराल तर जास्तीत जास्त माणसांना धरून ठेवणारी नशा हीच.

ही वनस्पती मूळची आपली नव्हे, अमेरिकेची. पोर्तुगीजांनी ती इकडे आणली, त्याला चारशे वर्षे होऊन गेली. तिच्या पानात निकोटिन नावाचे विष असते. किडीने पान खाऊ नये म्हणून झाड ते तयार करते. तंबाखूचा काढा पिकावर फवारून शेतकरी कीड मारीत, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. तेच विष माणूस थोडे थोडे करून गालात धरतो.

आता चुना कशाला? लोक म्हणतात, चुन्याशिवाय तंबाखू चढत नाही. हे अगदी खरे आहे. पानात निकोटिन आंबट द्रव्यांशी बांधलेले असते. तसे बांधलेले निकोटिन गालाच्या कातडीतून सहज आत शिरत नाही. चुना आंबटपणा मारतो. निकोटिन मोकळे होते आणि सरळ रक्तात उतरते. ज्याने हे प्रथम शोधले त्याला शाळा ठाऊक नसेल, पण काम त्याने रसायनाच्या मास्तरांचे केले! मात्र त्याच चुन्याने गालाची आतली कातडी रोज पोळते.

विडीला चुना लागत नाही. धूर फुप्फुसात जातो आणि दहा-वीस सेकंदांत निकोटिन डोक्यात पोचते. गालातल्या तंबाखूला जरा वेळ लागतो, पण ती जास्त वेळ पुरते.

डोक्यात काय होते ते पाहू. आपल्या मेंदूत असंख्य बारीक पेशी आहेत. त्या एकमेकींना निरोप धाडतात. निरोप घेऊन जाणारी द्रव्ये शरीर स्वतःच तयार करते. प्रत्येक निरोप्याचे दार ठरलेले असते. निकोटिन यातल्या एका निरोप्याचे सोंग घेते आणि त्याच्या दारातून आत घुसते. मग बरे वाटायला लावणारे दुसरे द्रव्य मेंदूत सुटते. छाती जलद धडधडू लागते, तरतरी येते, भूक मंदावते. उपाशीपोटी कामावर जाणारा मजूर चिमूट धरतो ती याचसाठी. त्याला वाईट चालीचा म्हणणाऱ्यांनी आधी त्याच्या डब्यात भाकरी आहे की नाही ते पाहावे.

रोज असा पाहुणा येऊ लागला की मेंदू त्याच्यासाठी जास्त दारे उघडतो. इथेच माणूस सापडतो. सुमारे दोन तासांत रक्तातले निकोटिन निम्मे होते. दारे रिकामी पडतात. मग चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही, हात खिशाकडे जातो. यालाच तलफ म्हणतात. चिमूट धरली की डोके शांत होते. माणूस म्हणतो, पाहा, तंबाखूने किती बरे वाटले! पण डोके बिघडवले होते कोणी? तिनेच. सावकाराचे व्याज फेडायला त्याच सावकाराकडून पुन्हा कर्ज काढावे, तसला हा व्यवहार आहे.

निकोटिन सवय लावते. कर्करोग होतो तो मुख्यतः तंबाखूतल्या दुसऱ्या विषांनी. चिमूट जिथे रोज बसते, तिथे पुष्कळदा पांढरा चट्टा दिसू लागतो. तो पुसून जात नाही आणि दुखतही नाही. दुखत नाही म्हणून माणूस दवाखान्यात जात नाही, आणि घात होतो तो इथे. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर डॉक्टरला दाखवावे. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, तेही पाहावे. सुपारीने गाल आतून ताठर होतात आणि तोंड उघडेनासे होते. गुटख्यात सुपारी आणि तंबाखू दोन्ही आहेत. आपल्या राज्यात २०१२ साली त्याच्यावर बंदी आली. तरी तो चोरून मिळतोच.

आयाबायांना वेगळे सांगायला हवे. मिशरी म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू. पुष्कळ घरांत तिला दात घासायची पूड समजतात आणि सासूची सवय सुनेला लागते. भाजल्याने निकोटिन सगळे जात नाही. बाई पोटुशी असेल तर ते नाळेतून बाळापर्यंत पोचते. मिशरी लावणाऱ्या बायकांची बाळे कमी वजनाची होतात, असे डॉक्टरांना आढळले आहे.

दारूची गोष्ट निराळी आहे. तिच्याविषयी एवढेच सांगतो, की वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्यांनी एकाएकी तोडू नये. त्याला झटके येऊ शकतात, प्रसंगी जीवही जातो. दवाखान्यात नेऊनच ती सोडवावी.

तंबाखू सोडताना तसा जिवाचा धोका नसतो. पहिले तीन-चार दिवस मात्र फार जड जातात. डोके दुखते, झोप नीट लागत नाही, घरात भांडणे होतात. बायकोने आणि मुलांनी तेवढे दिवस सांभाळून घ्यावे. तलफेची एक लाट काही मिनिटांची असते. तेवढ्यात पाणी प्यावे, बडीशेप चघळावी, उठून कामाला लागावे. तीन-चार आठवड्यांत मेंदूतली जादा दारे मिटत जातात. एकदा सोडून पुन्हा धरली म्हणजे सगळे फुकट गेले असे नाही. पुष्कळांची दोन-चार खेपांनंतरच सुटते. सरकारचा यासाठी एक फोन आहे, त्याला पैसे पडत नाहीत. नंबर १८००-११-२३५६. तो तंबाखूच्या पुडीवरही छापलेला असतो. घरात पुडी असेल तर आताच काढून वाचून पाहा.