दोन दिवस सारंगखेड्याच्या घोडेबाजारात

ऊसवाल्याला सुट्टी कसली, असं आपण सगळेच म्हणतो. गळीत सुरू झालं की तोडीची चिठ्ठी, टोळी आणि ट्रॅक्टर यांच्यापुढे घर दिसत नाही. पण २०२४ साली दत्तजयंती १४ डिसेंबरला, नेमकी शनिवारी आली. आमची तोड आठवडाभर लांब होती. चिटबॉयकडून खात्री करून घेतली आणि आबांना म्हटलं, "चला, सारंगखेड्याला जाऊ."

आबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. एके काळी त्यांच्या दावणीला घोडी होती. १९७२ च्या दुष्काळात वैरणीअभावी विकावी लागली. पुढे घरात घोड्याचा विषय कधी निघाला नाही. म्हणून ते येतील असं वाटलं नव्हतं. पण आले.

धुळ्याहून दोंडाईचा, पुढे तापीचा पूल ओलांडला की सारंगखेडा. शहादा तालुका, जिल्हा नंदुरबार. इथला दत्त एकमुखी. दर्शन घेतलं आणि बाजारात शिरलो. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश इथून घोडी आलेली. मारवाडी आणि काठेवाडी जनावरांच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडतात, हे पाहून मुलं हरखली. किमती लाखांतल्या. आम्ही नुसतेच बघणारे.

एक व्यापारी सांगत होता, "घोडी चार वर्षांची आहे." आबा पुढे झाले. हळूच तिचं तोंड उघडलं, दात पाहिले आणि म्हणाले, "आठाच्या पुढं गेलीय, दादा." व्यापारी हसला. म्हणाला, "बाबा, तुम्ही जाणते दिसता."

मग आबांनी नातवाला समजावलं. बैलाला पुढचे दात फक्त खाली, आठ. घोड्याला वर सहा, खाली सहा. अडीच वर्षांच्या सुमारास मधली दुधाची जोडी पडून पक्की येते, साडेतीनला दुसरी, साडेचारला तिसरी. पाचाला तोंड पूर्ण जुळतं. त्यानंतर खालच्या दातांवरचे खड्डे मधल्या जोडीपासून झिजू लागतात, ते आठाच्या सुमारास बुजतात. घेणाऱ्यानं जिभेवर नाही, दातांवर विश्वास ठेवावा.

नातू म्हणाला, "आबा, एक घेऊ या की!"

आबा म्हणाले, "घोडं रवंथ करत नाही, बाळा. त्याला थोडं थोडं, पुन्हा पुन्हा आणि स्वच्छ लागतं. बुरशी आलेली वैरण पडली तर पोटदुखीनं हातचं जातं. बैलासारखं दोन वेळा टाकून भागत नाही. घरातलं एक माणूस त्याच्यामागं हवं. आपल्यात आता कोण आहे?"

आम्ही गप्प बसलो. खरंच होतं ते.

मुक्काम शहाद्याला पाहुण्यांकडे होता. रात्री खापरावरची पुरणपोळी झाली. जेवणानंतर आबा आपणहून बोलू लागले. घोडीचं नाव चंद्री होतं. विकून परतताना ते वाटेत तीनदा थांबले होते. बावन्न वर्षांत हे आम्ही पहिल्यांदा ऐकलं.

रविवारी घुंगरांची एक माळ घेऊन घरी आलो. ती आता रिकाम्या दावणीवर टांगली आहे. तोड ठरल्या दिवशी झाली, ऊस कुठं गेला नाही. मंडळी, तोड लांब असेल तर दोन दिवस काढा. घरच्या म्हाताऱ्या माणसाला मात्र बरोबर न्या.