जुन्या मोटारीस बळकट गिअरपेटी

बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यातून अँबॅसडर मोटारी बाहेर पडण्याचे 2014 साली थांबले. मॉरिस ऑक्सफर्ड या ज्या इंग्रजी गाडीवरून ती घेतलेली होती, ती गाडी तर त्यापूर्वी कितीतरी वर्षे अस्तंगत झाली होती. तरीही हौसेने व ममतेने सांभाळलेली अँबॅसडर आजही एखाद्या जुन्या घराच्या आवारात उभी दिसते. अशा गाडीचे इंजिन पुष्कळदा ठणठणीत असते. दम तोडते ती गिअरपेटी. दाते झिजतात, चढावर गिअर आपोआप निसटतो, सुटे भाग शोधता शोधता जीव मेटाकुटीस येतो. मग धन्याच्या मनात विचार येतो, की हिच्या जागी दुसरी, अधिक बळकट पेटी बसवता येणार नाही काय?

येते, परंतु हे काम चार बोल्ट सोडवून चार बोल्ट आवळण्याइतके सोपे नाही. ते समजून घ्यावयाचे तर प्रथम गिअरपेटी करते काय, हे पाहिले पाहिजे.

इंजिनाचा पीळ जसाच्या तसा चाकांना दिला, तर गाडी चढावर जागची हलणार नाही. म्हणून लहान दंतचक्राने मोठे दंतचक्र फिरवून वेग कमी करावयाचा व त्या मोबदल्यात पिळाचा जोर वाढवावयाचा, ही युक्ती योजलेली असते. समजा, इंजिनाचा पीळ 10 किलोग्रॅम-मीटर आहे व पहिल्या गिअरचे प्रमाण चारास एक असे आहे. मग पेटीतून बाहेर येणारा पीळ 40 होतो. मागच्या डिफरन्शियलमध्ये तो आणखी साडेचार पट वाढला, तर धुऱ्यावर तो 180 वर जातो. घर्षणात थोडा व्यय होतो, तो येथे सोडून दिला आहे. गिअरपेटी नवी शक्ती निर्माण करीत नाही. असलेली शक्ती ती कधी जोराच्या, तर कधी वेगाच्या रूपाने वाटून देते. त्यामुळे केवळ बळकट पेटी बसवल्याने गाडी अधिक शक्तिमान होईल, ही समजूत सोडून द्यावी.

बळकट पेटी म्हणजे तरी काय? दाते भार घेतात, तेव्हा एकमेकांना दूर ढकलतात. दांडे बारीक असले, किंवा पेटीचे कवच लवचिक असले, तर ते किंचित वाकतात. दाते पूर्ण रुंदीने न भिडता कडेवर भिडतात, आणि कडा तुटू लागतात. म्हणून ज्या पेटीत दाते रुंद, दांडे जाड, दोन दांड्यांमधील अंतर अधिक, बेअरिंगे मोठी व कवच ताठ, ती पेटी बळकट म्हणावी.

जुन्या अँबॅसडरच्या पेटीत चार गिअर असून त्यांचा दांडा सुकाणूच्या खांबावर असे. तिच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हते. म्हणजे दंतचक्रांचे वेग जुळवून मग त्यांना अडकवणारी पितळी कडी तेथे नव्हती. बेळगावहून गोव्यास जाताना चोर्ला घाटाच्या एखाद्या वळणावर गाडी मंदावली व चालत्या गाडीत पहिला गिअर घालण्याची पाळी आली, की चालकाला क्लच दोनदा दाबून, मध्ये इंजिनाचा वेग वाढवून दाते जुळवावे लागत. ज्याला ही कला साधली नाही, त्याच्या हातून दाते खरडले जात. पुढे 1990 च्या दशकात याच गाडीत 1817 घनसेंटिमीटरचे इसुझू इंजिन आले. त्याच्याबरोबर पाच गिअरांची, जमिनीवर दांडा असलेली पेटी आली. जुन्या अँबॅसडरच्या धन्याचे लक्ष साहजिकच या पेटीकडे जाते.

ती बसवण्याचे मार्ग दोन. पहिला, पेटी तिच्या मूळ इंजिनासह आणावयाची. येथे इंजिन व पेटी यांचे परस्परांशी जुळलेलेच असते. पण इंजिनाचा क्रमांक बदलतो, आणि तो नोंदणीपत्रात लिहिलेला असतो. दुसरा मार्ग, जुने 1489 घनसेंटिमीटरचे इंजिन ठेवून त्याच्यामागे नवी पेटी जोडावयाची. येथे दोहोंचे बोल्ट जुळत नाहीत. म्हणून मध्ये जाड धातूची जोडपट्टी तयार करून घ्यावी लागते. कामाचे खरे मर्म या जोडणीत आहे.

पेटीचा पुढचा दांडा क्लच प्लेटमधून आरपार जाऊन इंजिनाच्या क्रँकच्या टोकातील लहानशा बुशमध्ये टेकतो. यास्तव तीन गोष्टी जुळाव्या लागतात. क्लच प्लेटचा बाहेरचा व्यास इंजिनाच्या फ्लायव्हीलला शोभला पाहिजे, तर तिच्या मध्यभागीच्या खाचा नव्या पेटीच्या दांड्यावर बसल्या पाहिजेत. बुश बाहेरून क्रँकमध्ये व आतून दांड्याच्या टोकावर बरोबर बसले पाहिजे. तिसरे म्हणजे, जोडपट्टीची जाडी मोजून ठरवली पाहिजे. ती अधिक झाली, तर दांडा बुशपर्यंत पोहोचत नाही. कमी झाली, तर दांडा क्रँकवर दाबला जाऊन इंजिनाचे बेअरिंग खातो.

याहून सूक्ष्म बाब मध्यबिंदूची. क्रँक ज्या केंद्राभोवती फिरतो, त्याच केंद्रावर पेटीचा दांडा असला पाहिजे. हे डोळ्यांनी कळत नाही. क्रँकवर डायल गेज बसवून, तो फिरवत बेल हाउसिंगच्या छिद्राची कडा तपासावी लागते. दोन केंद्रांतील फरक 0.005 इंचापेक्षा अधिक नसावा, असा अनुभवी कारागिरांचा साधारण नियम आहे. ही तपासणी टाळली, तर नवी पेटी बसूनही गिअर अडखळतात, पुढचे बेअरिंग आवाज करू लागते, आणि दोष मात्र बिचाऱ्या पेटीच्या माथी मारला जातो. पेटी चढवताना तिचा सारा भार क्लच प्लेटवर लोंबू देणे हीदेखील अशीच चूक होय. प्लेट तेवढ्याने वाकते. पेटीला जॅकचा आधार देऊन ती सरळ रेषेत आत सरकवावी. गाडीखाली शिरण्यापूर्वी गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम घोड्यांवर टेकवावी, हे सांगावयास नको. पण न सांगितल्याने अपघात होतात.

पेटीची लांबी बदलली, की मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट आखूड किंवा लांब करावा लागतो. मागचा धुरा पाट्यांच्या स्प्रिंगांवर वरखाली होतो, आणि त्याबरोबर शाफ्टची आवश्यक लांबीही कमीअधिक होते. यासाठी त्याच्या सरकत्या टोकाला पुढे सुमारे 1 इंच मोकळीक ठेवतात. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या जॉइंटांचे कोन सारखे असावेत. पेटी मागे फार खाली झुकली तर ते बिघडतात व ठराविक वेगाला सारी गाडी थरथरते. लांबी बदललेला शाफ्ट यंत्रावर तोलून घेतल्याखेरीज बसवू नये.

अँबॅसडरला वेगळी चौकट नाही. तिचा पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा आहे. नव्या पेटीसाठी व जमिनीवरच्या दांड्यासाठी मधला उंचवटा कापावा लागला, तर तो कणाच कापला जातो. तेथे तितकेच मजबूत पत्रे वेल्ड करून ताकद परत दिली पाहिजे. पेटीला आधार देणारा आडवा दांडाही नव्याने करावा लागतो, व वेगमापकाचे लहान दंतचक्र बदलावे लागते. एरवी काटा खोटा वेग दाखवतो.

पाचव्या गिअरचा लाभ खरा आहे. चाकाचा घेर 2 मीटर व डिफरन्शियलचे प्रमाण साडेचार धरले, तर ताशी 80 किलोमीटरला थेट चौथ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेते. पाचव्याचे प्रमाण 0.85 असेल, तर तेच फेरे 2550 वर येतात. आवाज उतरतो, झीज कमी होते. परंतु येथेच मोहही आहे. गाडी निवांत धावू लागली, की चालक वेग वाढवतो; ब्रेक मात्र जुन्या काळचे ड्रमचेच असतात. शिवाय साखळीतील एक कडी मजबूत केली, की ओढ पुढच्या कडीवर जाते. पूर्वी पेटीचे दाते तुटत. इंजिनही मोठे घातले, तर आता मागचा एक्सल तुटेल. धावत्या गाडीत तो तुटणे ही गोष्ट हसण्यावारी नेण्याची नव्हे. म्हणून पेटी बदलताना ब्रेक, जॉइंट व एक्सल यांची तपासणी त्याच खर्चात धरावी.

तेलाचाही विवेक हवा. डिफरन्शियलसाठी केलेल्या काही जड तेलांतील गंधकयुक्त द्रव्ये सिंक्रोमेशच्या पितळी कड्यांना बाधतात. पेटीच्या निर्मात्याने सांगितलेलेच तेल घालावे.

शेवटी कायदा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमान्वये, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळे पडतील असा फेरफार करण्यास मनाई आहे. इंजिन बदलण्यास पूर्वसंमती लागते. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना विशेष नोंदणी देणारे नियम 2021 मध्ये आले. तेथेही इंजिन व सांगाडा यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. हौसेने उंचवटा कापला आणि त्यापायी हा मान गेला, तर कापलेला पत्रा पुन्हा मूळचा होत नाही. करवत हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयातून लेखी खुलासा घेतलेला बरा.

म्हणून सुज्ञ मिस्त्री प्रथम जुनी पेटीच उघडून पाहतो. पुष्कळदा बेअरिंगे, कडी व एखादे दंतचक्र बदलून ती अनेक वर्षे काम देते, आणि चालकाने क्लच दोनदा दाबण्याची सवय लावून घेतली तर त्याहूनही अधिक. ते शक्यच नसेल, तर दुसरी पेटी घेताना बेल हाउसिंग, क्लच, आधाराचे रबर व शाफ्टचे टोक यांसह संपूर्ण संच घ्यावा. पेटी काढण्यापूर्वी सारी मापे कागदावर लिहून ठेवावीत आणि मूळ पेटी भंगारात न देता तेल लावून, गुंडाळून जपावी. उद्या गाडी दुसऱ्या हाती गेली, तर तिला पूर्वरूप देण्याची वाट मोकळी राहील.